ढगातले रान आणि आमची विशेषणे

टीकाकाराला बरोबर घेऊन सहलीला जाऊ नये, असे माझी पत्नी नेहमी म्हणत असे. महाबळेश्वरला सगळी मंडळी सूर्यास्त पाहत असत, तेव्हा मी शेजारच्या गृहस्थांनी उच्चारलेल्या 'अप्रतिम' ह्या शब्दावर टिप्पणी करीत उभा राही, आणि तिचा सूर्यास्त वाया जाई. आज ती नाही. असती तर २०२५ च्या मार्च महिन्यात माझी जी फजिती झाली ती पाहून तिच्या अशा कितीतरी सूर्यास्तांची भरपाई झाली असती.

फजितीची हकीकत सांगण्याआधी माझा धंदा सांगितला पाहिजे. गेली चाळीसेक वर्षे मी प्रवासवर्णनांची परीक्षणे लिहीत आलो आहे. फराळाच्या ताटात जसा चिवडा तसे दिवाळी अंकात प्रवासवर्णन. ते नसले तर वाचकाला चुकल्याचुकल्यासारखे होते, आणि असले की त्यात मीठ कमी की जास्त ह्याची चर्चा घरोघर चालते. ती चर्चा मी छापून करतो, एवढेच. ह्या चाळीस वर्षांत 'निसर्गरम्य', 'नयनमनोहर', 'डोळ्यांचे पारणे फिटले' आणि 'शब्द अपुरे पडतात' ह्या चार प्रयोगांखाली मी किती लाल पेन्सिली झिजवल्या त्याची गणती नाही. 'शब्द अपुरे पडत असतील तर लेखकाने घरीच बसावे,' असे एक वाक्य मी कुठेसे लिहून गेलो. ते लोकांना आवडले, सभांतून उद्धृतही होऊ लागले. ते एके दिवशी माझ्याच अंगावर येणार आहे, ह्याची मला कल्पना नव्हती.

माझी कन्या ह्यूस्टनला असते. तिच्या मुलीला शाळेची वसंतातली सुटी लागली आणि जावईबापूंनी कोस्टा रिकाला जाण्याचा बेत केला. मध्य अमेरिकेतला हा चिमुकला देश. ह्या देशाने १९४८ साली आपले सैन्यच मोडून टाकले, एवढे एक मला त्याच्याविषयी ठाऊक होते. तिथे तिलारान नावाच्या डोंगररांगेत मोंतेवेर्दे म्हणून गाव आहे. मोंतेवेर्दे म्हणजे हिरवा डोंगर. गावाच्या माथ्यावर जे अरण्य आहे त्याला तिथली माणसे स्पॅनिशमध्ये 'बोस्के नुबोसो' म्हणतात. आपण मेघवन म्हणू. 'बाबा, तुम्हांला झेपेल का?' असे कन्येने विचारले. मी हरिश्चंद्रगड चढलेला माणूस आहे, असे मी तिला सुनावले. तो मी कोणत्या साली चढलो होतो, हे विचारण्याइतकी ती उद्धट नाही.

सकाळी सातला आम्ही राखीव अरण्याच्या फाटकातून आत शिरलो. उंची सुमारे दीड हजार मीटर. बरोबर एक स्थानिक वाटाड्या होता. पन्नाशीचा, बुटका, पायांत रबरी बूट, खांद्यावर दुर्बिणीची तिकाटी. अटलांटिककडून, म्हणजे कॅरिबियन समुद्राच्या बाजूने, व्यापारी वारे वाहत येतात. डोंगर आडवा आला की ते वर चढतात, चढता चढता निवतात, आणि त्यांच्यातली वाफ ढग होऊन झाडांत शिरते. हे शाळेत आपण सह्याद्रीबद्दल शिकलो आहोतच. फरक एवढाच, की आपल्या घाटमाथ्यावर ढग चार महिन्यांचा पाहुणा असतो; इथे तो बाराही महिने घरचाच आहे. कोरड्या म्हटल्या जाणाऱ्या मार्चमध्येही माझ्या चष्म्याची काच दर पाच मिनिटांनी पुसावी लागत होती. पाऊस पडत नव्हता. तरी प्रत्येक पानाच्या टोकाशी थेंब होता आणि तो गळत होता. ढग पानांना, शेवाळाला, फांद्यांना घासून जातो आणि जाता जाता पाणी ठेवून जातो. पर्जन्यमापकाच्या नळीत हे पाणी नीट मापले जात नाही. झाडांना मात्र ते पोचते.

'आजोबा, ढग कुठाय?' नातीने विचारले. मी वर बोट दाखवले, मग पुढे दाखवले, मग हात खाली घेतला. आम्ही त्याच्या पोटातच उभे होतो.

तीन तास चाललो. परतल्यावर रात्री खोलीत दिव्याखाली वही उघडून मी त्या दिवसाचे टिपण केले. आयुष्यभर दुसऱ्यांना नावे ठेवली, आता आपणही एक प्रवासवर्णन लिहून पाहावे, असा विचार मनात होता, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस होता म्हणून ते पान वाचून पाहिले. सवयीने खिशातली लाल पेन्सिल काढली. त्या एका पानात एकोणीस विशेषणे निघाली. 'गूढ' तीनदा, 'हिरवेगार' चारदा, 'स्वप्नवत' दोनदा. नामे म्हणावी तर 'झाड', 'ढग' आणि 'वाट'. चौथे नाव मला सापडले नाही. आणि शेवटची ओळ? शेवटची ओळ शब्द अपुरे पडल्याची होती.

स्वतःची फजिती ही टीकाकाराला मिळालेली फुकटची सामग्री असते. ती वाया घालवू नये म्हणून मी पुढले दोन दिवस त्या पानाचे परीक्षण करण्यात घालवले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो. हा दोष माझ्या एकट्याचा नाही, आपल्या निसर्गवर्णनाच्या घडणीतलाच आहे, अशी माझी खात्री झाली आहे.

पहिली गोष्ट अशी, की आपण निसर्ग पाहतो तो 'पॉइंट'वरून. थंड हवेच्या ठिकाणी साहेबाने कठडे बांधले, त्यांना नावे दिली; आपण साहेबाला घालवले पण कठडे ठेवले. कठड्याशी उभे राहिले की दरी खाली, डोंगर समोर, आपण मध्ये. ह्या उभे राहण्यातून आपली विशेषणे जन्माला आली आहेत. 'विहंगम', 'विस्तीर्ण', 'नयनमनोहर' ह्या सगळ्या शब्दांना मधे अंतर लागते. मेघवनात अंतर नाही. दहा पावलांपलीकडचे झाड दिसत नाही. तिथेही वाटेच्या शेवटी एक कठडा आहे. 'ला व्हेंताना', म्हणजे खिडकी, असे त्याचे नाव. डोंगराच्या धारेवर तो आहे. एका बाजूचे पाणी कॅरिबियनला जाते, दुसऱ्या बाजूचे पॅसिफिकला. दोन महासागरांच्या मधोमध उभे राहून मी डोळे फाडून पाहिले. दोन्हीकडे सारखाच पांढरा अंधार होता, आणि वारा असा की टोपी हाताने धरावी लागली. तिथली झाडे वाऱ्याने वाकून कमरेएवढी, खांद्याएवढी राहिली आहेत. मागून आलेल्या एका कुटुंबातले गृहस्थ हिरमुसून म्हणाले, 'काहीच दिसत नाही.' मलाही तसेच वाटले होते. वस्तुतः ज्याच्यासाठी आम्ही एवढ्या लांब आलो तो ढग नाकातोंडात शिरत होता. पण तो समोर नव्हता, म्हणून तो आम्हांला दिसला नाही.

आपल्याकडे मेघाची थोर परंपरा आहे, असे कोणी म्हणेल. आहेच. 'मेघदूता'तला मेघ आम्रकूटावर विसावतो, त्या पर्वतावरचा वणवा विझवतो, आणि पुढे जातो. पण तो मेघ पाहणारा यक्ष खाली उभा आहे आणि त्याला त्या मेघाकडून काम करून घ्यायचे आहे. वर त्या पर्वतावरच्या झाडाला मेघ विसावल्यावर काय वाटले असेल, हे त्या काव्याचे प्रयोजन नव्हे. पुढे आपण मात्र यक्षाची जागा सोडलीच नाही. मेघ म्हटला की विरह, मोर आणि कांदाभजी ह्यांपलीकडे आमची लेखणी जाईना.

दुसरी गोष्ट मराठी प्रवासवर्णनाच्या परंपरेची. ही परंपरा माणसे पाहण्याची आहे, आणि त्यात ती कोणालाही हार जाणार नाही. गोडसे भटजी दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून निघाला. त्यात लढाई, लूट, उपासमार, माणसांचे स्वभाव सगळे आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेवरचे पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच 'लोकस्थिती' हा शब्द आहे. अनंत काणेकरांच्या १९४० सालच्या पुस्तकाच्या नावात धुके आहे खरे, पण त्यांची नजर धुक्यापलीकडच्या लाल ताऱ्यावर होती. पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' १९६० ची आणि 'पूर्वरंग' १९६३ चे. ह्या दोन पुस्तकांनी मराठी घराला प्रवासवर्णन वाचायला शिकवले. तिथेही देशोदेशीची माणसेच पानोपानी भेटतात. ह्यात उणेपणा कसला? लेखकाने आपल्याला जे दिसते तेच लिहावे. उणेपणा आला तो आम्हा मागाहून आलेल्यांत. माणसे पाहण्याची ती नजर घेऊन आम्ही रानात गेलो. रानात बोलायला माणूस भेटला नाही, तेव्हा मोकळी जागा विशेषणांनी भरून काढली.

वेगळी वाट नव्हती असे नाही. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली आले. त्यात बारा महिन्यांची झाडे, फुले, पाखरे आहेत, आणि बाई कठड्याशी उभ्या नाहीत. त्या झाडाखाली आहेत, वर पाहत आहेत, पुन्हा पुन्हा त्याच झाडाकडे येत आहेत. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात राहून आले. मारुती चितमपल्ली ह्यांनी तर वनखात्यातली सारी नोकरी रानात काढली, पाखरांची मराठी नावे माणसांच्या तोंडून वेचली आणि त्यांचा कोश केला. २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, २०२५ साली ते गेले. ह्या लेखकांचा आपण गौरव पुष्कळ केला. पण त्यांना 'निसर्गलेखक' म्हणून एक वेगळे दालन दिले आणि आपल्या नित्याच्या प्रवासवर्णनाला त्यांचा वारा लागू दिला नाही. हे दालन बांधणाऱ्यांत मीही होतो.

आता त्या वाटाड्याकडे येतो. दुसऱ्या फेरीला मी त्याला म्हटले, आज मला काही दाखवू नकोस, नुसता तू काय पाहतोस ते सांग. तो हसला. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला केत्साल हवा असतो. कबुतराहून थोडा मोठा, पाठ हिरवी, पोट लाल, आणि नराची लांबच लांब पिसे शेपटीपलीकडे झुलत असतात. आदल्या दिवशी तो आम्हांला अर्धा मिनिट दिसला होता आणि मी लगेच वहीत 'पाचूसारखा' लिहून मोकळा झालो होतो. वाटाड्याने पक्षी दाखवला नाही. एक झाड दाखवले. ते जंगली आव्होकाडोच्या जातीचे. फळ सुपारीपेक्षा थोडे मोठे. केत्साल ते अखंड गिळतो, गर पोटात ठेवतो आणि बी दूर कुठेतरी ओकून टाकतो. घरट्यासाठी त्याला मेलेले, कुजू लागलेले खोड लागते, कारण चोच इतकी बळकट नसते की जिवंत लाकूड पोखरावे. विणीचा हंगाम संपला की तो डोंगराच्या एका उतारावरून दुसऱ्या उतारावर फळांच्या मागे उतरत जातो. म्हणजे त्याला जगवायचे तर माथ्यावरचे रान राखून पुरत नाही, खालचेही राखावे लागते. हे सगळे ऐकल्यावर 'पाचूसारखा' हा शब्द मला फार स्वस्त वाटू लागला. पाचूला फळ लागत नाही आणि कुजके खोडही लागत नाही.

मग त्याने एका प्रचंड झाडाच्या फांदीकडे बोट केले. फांदीचे साल कुठे दिसतच नव्हते. शेवाळाची गादी, तीत नेचे, आमरीची चिमुकली फुले, अननसाच्या कुळातल्या झाडांचे पाण्याने भरलेले पेले. मी शहाणपणाने म्हटले, आमच्या भाषेत ह्यांना बांडगुळे म्हणतात. म्हटल्यावर ओशाळलो, कारण खऱ्या बांडगुळासारखी ही झाडे यजमानाचा रस पीत नाहीत. ती फक्त फांदीवर बसतात. पाणी ढगातून घेतात, अन्न वाऱ्याने आणलेल्या धुळीतून आणि कुजणाऱ्या पाल्यातून. आपल्या भाषेत मात्र दुसऱ्याच्या आधाराने राहणारा जो तो बांडगूळ. म्हण तयार झाली, पाहणे संपले.

ह्या फांद्यांची गोष्ट इथेच थांबत नाही. नलिनी नाडकर्णी ह्या अमेरिकेत वाढलेल्या शास्त्रज्ञ बाईंचे वडील भारतातले. आडनाव तर आपल्या शेजारच्या बिऱ्हाडातले वाटावे. ह्या बाई दोर लावून झाडांच्या शेंड्यांत चढल्या. फांद्यांवरची शेवाळाची गादी उचलून पाहिली, तर तिच्याखाली माती साचलेली होती, आणि त्या मातीत खुद्द त्याच झाडाने आपल्या फांदीतून मुळे सोडलेली होती. १९८१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. आधी उत्तर अमेरिकेतल्या पावसाळी रानात त्यांना हे दिसले, पुढे मोंतेवेर्देत त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. २००० साली ह्या रानावर निघालेल्या मोठ्या ग्रंथाच्या त्या एक संपादक आहेत. ज्याला आपण उपरा म्हणतो त्याने साठवलेल्या मातीतून घरधनी जेवतो आहे! खालून पाहणाऱ्या कोणाला हे दिसले असते? कठड्यावरून तर नाहीच.

त्या ग्रंथात आणि त्या गावात सर्वांच्या तोंडी असलेली एक कथा आहे. तिने माझी झोप उडवली. ह्या डोंगराच्या माथ्यावर, त्या बुटक्या रानात, एक भेक राहत असे. नर जेमतेम दोन इंचांचा आणि केशरी, इतका केशरी की तो मातीतला प्राणी वाटू नये. मादी काळसर, अंगावर लाल ठिपके. वर्षभर हे प्राणी जमिनीखाली असत. पावसाळ्याच्या तोंडी थोडे दिवस वर येत, झाडांच्या मुळांशी साचलेल्या डबक्यांत अंडी घालत आणि पुन्हा दिसेनासे होत. १९६६ साली शास्त्राने त्यांना नाव दिले. जगात दुसरीकडे कुठेही ते नव्हते. १९८७ साली तिथे दीड हजारांहून अधिक भेक मोजले गेले. १९८८ साली त्या मुख्य जागी एक. १९८९ च्या मे महिन्याच्या १५ तारखेला एक नर दिसला. त्यानंतर कोणालाही, कधीही नाही. २००४ साली ही जात नष्ट झाल्याचे जाहीर झाले. कोणी बेडकांच्या कातडीवर पडणाऱ्या बुरशीला दोष देतात, कोणी त्या वर्षीच्या एल निन्योच्या अवर्षणाला. ढगच वर सरकू लागला, धुके नसलेले दिवस वाढले, असेही काहींनी दाखवून दिले. हा वाद मिटलेला नाही. मिटला तरी भेक परत यायचा नाही.

ह्या कथेत मला एक गोष्ट बोचली. तो भेक गेला, हे आपल्याला कळले कसे? कोणीतरी त्या चिखलात उकिडवे बसून दर वर्षी मोजत होते, म्हणून. १९८७ चा आकडा नसता तर १९८८ च्या 'एक' ह्या आकड्याला काही अर्थच नव्हता. सुंदर, सोनेरी, स्वप्नवत अशा शेकडो शब्दांनी त्याचे वर्णन झाले असते, आणि तो नाहीसा झाल्यावरही ते वर्णन खुशाल छापले जात राहिले असते. विशेषणाला गैरहजेरी मांडता येत नाही.

आणि इथे मला ते बाड आठवले.

१९९८ साली एका संस्थेच्या पारितोषिकासाठी मी परीक्षक होतो. आलेल्या हस्तलिखितांत आंबोलीकडच्या एका प्राथमिक शिक्षकांचे बाड होते. दोनशेवर पाने, गिचमिड अक्षर. १९७९ पासूनच्या नोंदी. पहिला पाऊस कोणत्या दिवशी आला, धुके शाळेच्या खिडकीपर्यंत कधी पोचले, कोणत्या आमरीला कधी फूल आले, हिरण्यकेशीचे पाणी कधी चढले. मला एक नोंद अजून शब्दशः आठवते: 'धुके वर्गात आले. पाढे चालू ठेवले.' आणि दर वर्षी, पहिल्या पावसाच्या नोंदीखाली, सड्यावरच्या कातळात साचलेल्या वीतभर पाण्याशी जमणाऱ्या, कुशीला वाघासारखे पट्टे असलेल्या लहान बेडकांची गणती. मी अभिप्राय लिहिला: 'नोंदी पुष्कळ आहेत. सौंदर्यदृष्टी आढळत नाही.' बाड परत गेले. गुरुजींचे कार्ड आले. त्यात तक्रार नव्हती. अभिप्राय मिळाला, आभारी आहे, इकडे पाऊस लागला आहे, एवढेच.

२००९ साली आंबोलीच्या सड्यावरच्या एका लहान भेकाला शास्त्राने नाव दिले. तोही फार थोड्या जागेत उरलेला, तोही पहिल्या पावसाला कातळावरच्या पाण्यात अंडी घालणारा. गुरुजींचा भेक तोच, असा दावा मी करणार नाही. ते जाणकार ठरवतील. पण त्या बाडात जवळजवळ वीस वर्षांची गणती होती, आणि मी तीत सौंदर्य शोधत होतो.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मग काय, प्रवासवर्णनाने नोंदवही व्हावे? नावांच्या याद्या छापाव्यात? तसे मी म्हणत नाही. त्याच वाटेवर मला असेही प्रवासी भेटले, की ज्यांनी हातातल्या यंत्रावर पाखरांची नावे टिपत नेली होती आणि संध्याकाळी ते एकमेकांना आकडे सांगत होते. चाळीस जाती, त्रेचाळीस जाती. त्यांच्या आकड्यात आणि माझ्या 'हिरवेगार'मध्ये मला फरक दिसला नाही. दोन्ही मिरवण्यासाठी होते. गुरुजींचा आकडा निराळा, कारण त्यामागे त्याच कातळाकडे पुन्हा पुन्हा जाणारी पावले होती. 'धुके वर्गात आले. पाढे चालू ठेवले.' ह्या दोन वाक्यांत एकही विशेषण नाही. पण त्यात खिडकी आहे, मुले आहेत, ओल आहे, आणि आपले काम न सोडता ढगाला आत घेणारा एक माणूस आहे. ह्याला सौंदर्यदृष्टी म्हणायचे नाही तर कशाला?

म्हणून ह्यापुढे मी प्रवासवर्णनाला एकच प्रश्न विचारायचे ठरवले आहे. लेखक जिथे गेला तिथे त्याच्यावाचून काय चालले होते, हे ह्या लेखनात कुठे आले आहे का? आले असेल, तर चार विशेषणे मी सोडून देईन. 'नयनमनोहर'सुद्धा.

सुटीवर गेलेल्या माणसाला तीन दिवसांत वीस वर्षांची नजर कशी येणार, हा पुढचा प्रश्न. येत नाही. पण ज्याला ती आहे त्याच्याशेजारी उभे राहता येते. मोंतेवेर्देचे रान तरी राहिले कसे? अमेरिकेत सैन्यात नाव नोंदवण्यास नकार दिला म्हणून १९४९ साली चार क्वेकर तरुण तुरुंगात गेले. त्यांच्या पंथातली काही कुटुंबे अलाबामा सोडून १९५१ साली ह्या बिनसैन्याच्या देशात आली, त्यांनी गाई पाळल्या, चीज करून विकले, आणि झऱ्यांचे पाणी आटू नये म्हणून माथ्यावरचे रान तोडायचे नाही असे ठरवले. १९७२ साली त्या भोवती राखीव अरण्य झाले. १९८७ साली स्वीडनमधल्या एका शाळेतल्या मुलांनी पैसे जमवून आणखी रान विकत घेण्याची सुरुवात केली. देशोदेशीच्या मुलांची भर पडत ते आज वीस हजार हेक्टरांहून मोठे झाले आहे. ह्यांतल्या कित्येक मुलांनी ते रान पाहिलेलेही नसेल. त्यांनी त्याचे वर्णन केले नाही. त्याची काळजी घेतली. माझ्या नातीला ही गोष्ट फार आवडली. 'आजोबा, पुण्याजवळ असं काय आहे?' असे तिने विचारले. मी तिला आंबोली सांगितले. पुण्याजवळ नव्हे, पण आपले.

परत आल्यावर गुरुजींच्या जुन्या पत्त्यावर पत्र घातले. महिन्याने त्यांच्या चिरंजिवांचे उत्तर आले. गुरुजी जाऊन अकरा वर्षे झाली. वह्या माळ्यावर पिशवीत बांधून ठेवल्या होत्या. दोन वाळवीने खाल्ल्या, बाकीच्या आहेत. 'वडिलांनी शेवटच्या पावसाळ्यापर्यंत लिहिले,' असे त्यांनी कळवले आहे. म्हणजे माझ्या अभिप्रायानंतरही ते लिहीत राहिले होते. हे वाचून मला बरे वाटले की वाईट, हे मला अजून सांगता येत नाही.

दिवाळी झाली की मी तिकडे जाणार आहे. वह्या छापाव्यात की एखाद्या जाणकाराच्या हाती द्याव्यात, हे वाचल्यावर ठरवू. नातीने फोनवर बजावले आहे, की बेडूक किती ते आधी पाहा. लाल पेन्सिल ह्या वेळी घरी ठेवीन. चष्मा पुसायला एक जास्तीचा रुमाल मात्र घेतला पाहिजे.